काडी टाकीत मावेना

एकदा काडी हे नाव चिकटलं की माणसाचा पुढे ओंडका झाला तरी लोक त्याला काडीच म्हणतात. आमच्या काडीचं तसंच झालं होतं.

काडीचा धंदा इमारतींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचा. टाकी खोलीएवढी असली तरी तिचं तोंड मात्र एका माणसापुरतं असतं. लोखंडी कडं आणि त्यावर झाकण. झाकण उचलायचं, पाय आत सोडायचे, दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे, निम्मा श्वास सोडायचा आणि एक खांदा पुढे काढून सुळकन खाली. तरणा होता तेव्हा काडी असा आत जायचा, की बघणाऱ्याला वाटायचं, पडला की काय हा! आत गेल्यावर तळाचा गाळ खरवडायचा, भिंती घासायच्या, बादली भरली की दोरीला हिसका द्यायचा. मग वरचा माणूस ती ओढून घेणार.

या कामात एक रीत होती, काडीच्या उस्तादाने घालून दिलेली. आत उतरेल तो मालक, वरून दोरी ओढेल तो गडी. मालकाने हुकूम सोडायचे, गड्याने निमूट ऐकायचं. काडी मालक होता. गडी होता त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने शिडशिडीत, जिभेने तिखट.

चाळिशी उलटली आणि काडीला पोट सुटलं. एकदम नाही सुटलं. पाहुण्यासारखं आलं, जरा कोपऱ्यात बसलं, आणि मग जायचं नावच घेईना. एका टाकीतून वर येताना शर्टाची बटणं आत राहिली. त्यातलं एक पुढे कुणाच्या तरी नळात जाऊन बसलं आणि काडीने बोलणी खाल्ली.

"दाजी, आज मी उतरू का?" पुढच्याच टाकीवर मेहुण्याने विचारलं.

"का? मला काय धाड भरलीय?"

"तसं नाही हो. टाकीचं तोंड जरा लहान आहे."

"टाकीचं आहे तेवढंच आहे. तुझंच मोठं झालंय."

बोलून गेला, पण आत उतरताना बरगड्या सोलवटल्या आणि काडीला पुढचं दिसायला लागलं. उद्या हा खाली उतरणार आणि आपण वर उभं राहून याच्या बादल्या ओढणार. हा आतून ओरडणार, "ओढा दाजी!"

त्या संध्याकाळी त्याने घरी जाहीर केलं, "आजपासून साखर बंद."

बायको पुढच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीनवर बसलेली. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे तिच्या हाताखालून जायचे. दातांनी दोरा तोडत ती म्हणाली, "कुणाची?"

"माझी. कुणाची म्हणजे?"

"नाही, घरात चार जणांची साखर एकटे तुम्हीच खाता, म्हणून विचारलं."

काडीने ते कानाआड केलं आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून बिनसाखरेच्या गोडव्याच्या गोळ्या आणल्या. इवलीशी डबी, वरून दाबलं की टिक करून एक गोळी पडायची. काडीला त्या टिकटिकीचं वेडच लागलं. चहात दोन गोळ्या, वर चव घेऊन मान डोलवायची. "काय गोड आहे! आणि वजनाला शून्य!"

आता साखर वाचली म्हटल्यावर चहासोबत बिस्किटं घ्यायला काय हरकत? आधी दोन, मग मूठभर. आणि गोळीचा चहा अंगी लागतच नाही म्हटल्यावर दुपारचा एक कप वाढला, संध्याकाळचा आणखी एक. प्रत्येक कपाला बिस्किटं होतीच. जेवताना काकडी-गाजर सुरू झालं, तेही जेवणाच्या आधी. जेवणाच्या ऐवजी खायचं असतं हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. सकाळी बागेत फिरायला जायचा. भराभर चालायचा, नाही असं नाही. पण परत येताना बेकरी वाटेत लागायची. "घाम गाळलाय माणसाने," म्हणत लोणी लावलेले पाव हाणायचा. जेवढं चालून घालवलं त्याच्या दुप्पट पावातून परत आलं.

त्यात रोज सकाळी पॅन्टीचा तमाशा. श्वास कोंडून, तोंड जांभळं करून काडी हूक लावायला जायचा आणि हूक काही लागायचा नाही. मग दोष धुण्याचा. "आटवलीस तू! गरम पाण्यात टाकतेस!" दिवसभर घुम्यासारखा बसायचा, रात्री ताटावरून उठताना सुस्कारे सोडायचा.

बायको वैतागली. एका दुपारी तो कामावर गेला असताना तिने त्याची दुसरी पॅन्ट मशीनवर घेतली, मागची शिवण उसवली, शिवणीत आत जादा सोडलेली कापडाची माया दोन बोटं मोकळी केली आणि पुन्हा टीप मारून, इस्त्री करून दोरीवर टांगली. म्हटलं, निदान सकाळ तरी शांत जाईल.

दुसऱ्या दिवशी काडीने पॅन्ट चढवली. हूक आपसूक लागला. तो जागच्या जागी गोल फिरला.

"अगं ए! सैल झाली! हे बघ, हात जातो माझा!"

बायकोने सांगायला तोंड उघडलं. पण त्याचा चेहरा असा काही उजळला होता, की लग्नातल्या फोटोतसुद्धा तो एवढा खूश नव्हता. तिने तोंड मिटलं. सांगू उद्या.

उद्या काही उगवला नाही. वजन उतरतंय या आनंदात काडी जास्तच खायला लागला, पॅन्ट पुन्हा आवळायला लागली, आणि बायको पुन्हा गुपचूप एकेका पॅन्टीची शिवण उसवायला लागली. शेवटी शिवणीतली सगळी माया संपली. मग तिने एका गिऱ्हाइकाच्या उरलेल्या कापडातून पाचरीसारखा तुकडा कापला आणि कमरेमागे बेमालूम जोडला. ती पॅन्ट काडी गल्लीभर मिरवायचा. औषधवाल्याच्या दुकानात जाऊन म्हणाला, "तुझ्या गोळीने कमाल केली रे!" औषधवाल्याने त्याच्या पोटाकडे बघितलं, मग पॅन्टीकडे, आणि विचारात पडला.

अशात एका जुन्या इमारतीच्या टाकीचं काम आलं. मोठी सोसायटी. सेक्रेटरीबाई स्वतः गच्चीवर हजर, सोबत वॉचमन.

मेहुण्याने कड्याकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "दाजी, मी..."

"गप. अरे, पॅन्टीत हात जातो माझा अख्खा!"

काडीने पाय सोडले, हात वर घेतले, निम्मा श्वास सोडला. मांड्या गेल्या. मग पोट आलं, आणि पोटाशी सगळं थांबलं. उरलेला श्वासही सोडला. काडी बोटभर आणखी खाली गेला आणि पक्का बसला.

"काय झालं?" सेक्रेटरीबाई.

"काही नाही. बसतोय जरा."

मेहुण्याने काखेत हात घालून ओढलं. वर येईना. वॉचमनने खांदे दाबले. खाली जाईना. कमरेमागे जोडलेल्या तुकड्याची जाड घडी कड्याच्या खाली अडकून बसली होती.

"साबण लावू?" वॉचमन म्हणाला.

"साबण? आमच्या प्यायच्या पाण्याच्या टाकीत?" बाई किंचाळल्या.

"मग तेल?"

"अहो, माणूस आहे का नट-बोल्ट!"

शेवटी मेहुण्याने बहिणीला फोन लावला. काय अडकलंय ते ऐकताच ती एवढंच म्हणाली, "पॅन्ट कुठली घातलीय?" आणि शिवणकामाची मोठी कात्री घेऊन रिक्षात बसली.

ती आली तेव्हा गच्चीवर सगळी इमारत जमली होती आणि काडी मधोमध, कुंडीत लावलेल्या झाडासारखा. त्याच्या पाठीशी बसून तिने कड्याच्या फटीत कात्री सरकवली.

"हलू नका. एक सांगायचंय तुम्हाला."

"आत्ता?"

"आत्ताच. आत्ता तुम्हाला उठून जाता येत नाही." तिने कचकन एक टाका कापला. "पॅन्ट तुमची सैल झाली नव्हती. मी करत होते."

काडीने मान वळवायचा प्रयत्न केला, तीही नीट वळेना.

"म्हणजे... सगळ्या?"

"सगळ्या. ह्या पॅन्टीत तर अर्धी पॅन्ट दुसऱ्याची आहे."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही नाचत होतात हो! कसं सांगणार?"

कात्रीने शेवटची टीप सुटली. मेहुण्याने जोर केला आणि काडी वर आला. पॅन्ट आतच राहिली. कुणीतरी वाळत घातलेली चादर त्याच्याभोवती गुंडाळली. मग मेहुणा पाय सोडून आत उतरला, आणि चादर गुंडाळलेल्या काडीने दोरी धरली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "ओढा दाजी!"

दोन दिवस काडी बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी औषधवाल्याकडे जाऊन त्याने डबी टेबलावर आपटली. "फसवलंस मला."

"गोळीने काय फसवलं?" औषधवाला म्हणाला. "ती फक्त साखरेच्या जागी बसते. तिच्याबरोबर तू आणखी काय काय बसवतोस, ते तिला काय ठाऊक? चहाबरोबर काय घेतोस?"

काडी गप्प बसला. त्या गप्प बसण्यातच सगळी बिस्किटं आली.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "यापुढे शिवणीला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"मी रडलो तरी नाही."

"रडा तुम्ही खुशाल. मशीनचा आवाज मोठा आहे, ऐकूच येणार नाही."

पण काडीचा आता कुठल्याच कापडावर विश्वास राहिला नव्हता. त्याने वेल्डरकडून त्या जुन्या टाकीच्या तोंडाएवढं लोखंडी कडं करून आणलं. दर रविवारी बायकोने ते त्याच्या डोक्यावरून खाली उतरवायचं. पहिल्या रविवारी ते छातीखाली येऊन थांबलं. काडी तसाच कडं घालून खुर्चीवर बसला, आणि शेजारीण पीठ मागायला आली ती काही न मागता परत गेली.

बिस्किटं बंद झाली. चहा दोनच कप. गोळी टाकून, आणि नंतर नंतर त्याची जीभच सरावली, बिनगोळीचाही चालायला लागला. ताटात भाजी वाढली, पोळी कमी झाली. बागेतून येताना तो बेकरीची गल्ली सोडून लांबच्या रस्त्याने यायचा, वास येऊ नये म्हणून. आणि कामावर दिवसभर बादल्या ओढायचा. भरलेल्या, गाळाच्या, तळापासून वरपर्यंत. पूर्वी हे मेहुण्याचं काम होतं, म्हणून त्याला वाटायचं, यात काय एवढं. आता रात्री हात वर करताना दंड कुरकुरायचे, आणि पोट हळूहळू मागे सरायचं. काही आठवडे कडं जागचं हललं नाही. तेव्हा काडी चिडून बायकोला म्हणायचा, "लोखंड आटलंय." ती म्हणायची, "गरम पाण्यात टाकलं असेल मी."

एका रविवारी कडं पोटावर जरा रेंगाळलं आणि मग खळकन पायाशी पडलं.

पुढच्या खेपेला त्या जुन्या इमारतीने पुन्हा बोलावलं, तेव्हा बायकोही गच्चीवर आली. काडीने पाय सोडले, हात वर घेतले, निम्मा श्वास सोडला. कड्याने बरगडीला एकदा चिमटा घेतला आणि काडी गायब झाला.

बराच वेळ आतून फक्त घासण्याचा आवाज. मग हाक आली.

"अरे, मागच्या खेपेला तू कोपरे चांगले काढलेस की!"

"मग काय, दाजी! तुम्ही कधी काढत होता?"

आतलं घासणं थांबलं. "पुढच्या टाकीत तू उतर. मी वर थांबतो."

मेहुणा कड्यावर वाकला. "का? झेपेना का?"

"झेपतंय रे. पण ओढणं सुटलं की मी परत फुगणार. आत उतरायचं असेल तर मला वर उभं राहायलाच पाहिजे. एक टाकी तू, एक मी."

मेहुण्याने यावर बराच विचार केला. बहिणीकडे बघितलं, ती हसू दाबत दुसरीकडे बघत होती.

"ते ठीक आहे दाजी," तो कड्यात तोंड घालून म्हणाला, "पण मग मालक कोण?"

खालून दोरीला जोरात हिसका बसला.

"आधी बादली ओढ!"