युसूफ मास्तरांचं रेकॉर्डिंग

युसूफ मास्तरांना बसून क्लॅरिनेट वाजवता येत नसे. एका जागी उभं राहूनही येत नसे. सारी हयात नवरदेवाच्या घोड्यापुढे गेलेली. वाजवायचं म्हणजे चालायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मूल गावातल्या त्यांच्या घरी गेलं की रियाज आधी अंगणातून ऐकू येई, मग परसातून, मग पुन्हा अंगणातून. कोणी हसलं तर म्हणत, "धून पायातून वर येते, भाऊ. पाय थांबला का धून उपाशी."

मी त्यांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो. डीजेच्या पेट्या आल्या आणि भर लग्नसराईत आम्ही घरी बसू लागलो. ढोलवाला मारोती तर मिरची तोडायला तेलंगणात जायच्या गोष्टी करू लागला. तेव्हा मास्तरांनी जाहीर केलं, की आपली वरातीची धून नागपूरच्या स्टुडिओत रेकॉर्ड करायची. ती धून त्यांनी स्वतः बांधलेली, आमच्या बँडची ओळखच.

"मोबाइलवर लोकं ऐकतीन, तं विचारतीन, हा बँड कुठचा?" ते म्हणाले. "मंग बोलावतीनच ना! मारोती, तू कुठीच जात नाई."

मारोती थांबला. मास्तर स्टुडिओ पाहून आले आणि घाबरूनच आले. खोली लहान, गालिचा अंथरलेला, आणि माईक असा की डास उडाला तरी ऐकू यावा. दुसऱ्या दिवसापासून राइस मिलच्या गोदामात तालीम सुरू झाली. प्रत्येकाच्या पायाखाली एकेक रिकामं पोतं. "पोत्याच्या बाहेर पाय गेला तं थेट घरी!" तंबाखूचा खर्रा बंद. "तू थुंकून येईस्तोर माईक तुही वाट पाहीन काय?" वरातीत कोसभर न दमणारे आम्ही, जागच्या जागी उभं राहून घामाघूम व्हायचो. ताल लंगडायचा. स्वतः मास्तर मात्र क्लॅरिनेट वाजवत पोत्यांमधून येरझाऱ्या घालत.

"मास्तर, तुमचं पोतं कुठी आहे?" एकदा मारोतीने विचारलंच.

"मले काय गरज? मी शिकवून राह्यलो."

नागपूरला आम्ही पुतळ्यासारखे उभे राहिलो. इतके, की मला खोकला आला तो मी डोळ्यांतून काढला. धून संपली. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला बाहेर आला आणि अदबीने म्हणाला, "झकास झालं. फक्त मधून कोणीतरी चालतंय."

आम्ही सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मारोतीकडे पाहिलं.

मग मास्तरांचे बूट काढले. अनवाणी चालले तरी क्लॅरिनेटचा आवाज माईकच्या जवळ येई आणि लांब जाई. खुर्चीवर बसवलं, तर क्लॅरिनेटमधून नुसती हवा. शेवटी मी आणि मारोतीने त्यांना दोन्ही बाजूंनी कमरेला धरून पाहिलं. पण मग ट्रम्पेट आणि ढोल कोणी वाजवायचा? अखेर रेकॉर्डिंगवाल्यानेच कुठूनशी गादी आणून माईकसमोर टाकली. तिच्यावर मास्तर जागच्या जागी पावलं टाकत राहिले, डोळे मिटून, जणू पुढे घोडा आहे. त्या दिवशी त्यांनी वाजवलं, तसं मी कधी ऐकलं नव्हतं.

धून खरंच गाजली. या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेली, सिंदेवाहीपासून सिरोंच्यापर्यंत पोचली. बँड कुठचा, हे मात्र कोणी विचारलं नाही. पुढच्या हंगामात मारोती मिरचीला गेला. पाठोपाठ बाकीचेही पांगले.

त्यानंतर एका लग्नात मी आणि मास्तर पाहुणे म्हणून गेलो होतो. वरात निघाली आणि डीजेच्या गाडीवरून आमची धून सुरू झाली. खाली कसलासा धडधडाट जोडलेला, पण क्लॅरिनेट मास्तरांचाच. मास्तर गर्दीतून वाट काढत थेट पेटीसमोर जाऊन उभे राहिले. पहिल्यांदाच मी त्यांना त्या धुनेत स्थिर उभं पाहिलं.

डीजेवाला वरून ओरडला, "ओ चाचा, बाजूले व्हा ना! आवाज अडून राह्यला."

माझं डोकं फिरलं. हा माणूस कोण आहे ते त्याला सांगायला मी पुढे झालो, तर मास्तरांनी माझा हात धरला.

"राहू दे, भाऊ," ते म्हणाले. "आता सांगशील तं लाजेनं बंद करून टाकन तो."

आणि ते बाजूला झाले.