पाहुण्यांपुढे बठ्ठं चांगलं

‘शाश्वत’ हा शब्द कानावर पडला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. लोक म्हणतात, एवढा राग बरा नव्हे, वयाप्रमाणे माणसानं थोडं निवळावं. मी निवळलेले नाही. परदेशी अनुदानावर चालणाऱ्या एका संस्थेत मी जळगावात बरीच वर्षं काढली, अजूनही काढते आहे, आणि तिथे मिळालेली एकमेव पक्की गोष्ट म्हणजे हा राग. बाकी पगारसुद्धा अधूनमधूनच मिळाला.

आमचं ऑफिस मेहरूणमध्ये, एका घराच्या वरच्या मजल्यावर आहे. गॅलरीतून तलावाचा एक तुकडा दिसतो. संस्थेचे प्रमुख, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, दिल्लीहून कुणी आलं की त्यांना आधी गॅलरीत नेतात आणि तलाव जणू आपणच खोदलाय अशा चेहऱ्यानं दाखवतात. मग आत नेऊन फिरत्या खुर्चीवर बसवतात. ती खुर्ची पाहुण्यांसाठीच आहे. आम्हाला प्लास्टिकच्या.

हा कारभार कसा चालतो ते सांगून टाकते, कारण बाहेरच्यांना वाटतं की तिकडे कुणी दयाळू माणूस चेक फाडतो आणि इकडे विहीर होते. तसं काही नसतं. तिकडे कुठल्या तरी सरकारचा नाहीतर धनिकाचा निधी असतो. जगाला सध्या कशाची गरज आहे हे तो निधी दर काही वर्षांनी ठरवतो. कधी बालपण, कधी पाणी, मग हवामान. लक्ष ठेवायला एक सल्लागार कंपनी नेमली जाते आणि ती दिल्लीत बसते. पैसा आमच्या खात्यात थेट येतो, पण तो कशावर, कधी आणि कोणत्या शब्दांत खर्च करायचा हे ती कंपनी सांगते. आम्ही सगळ्यात खाली. आमच्या खाली फक्त लोक.

बालपणाची पाळी आली त्या वर्षी आम्हाला पाळणाघर मिळालं. धुळे जिल्ह्यातल्या एका बाजारगावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेत. ओली लाल मिरची जिथे पसरून वाळवतात त्या मोकळ्या रानाला पथारी म्हणतात. थंडीचे महिने बाया तिथे दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात. वारा सुटला की सगळं रान एकदम खोकतं. बायांची तान्ही आणि रांगती पोरं तिथेच, गोणपाटावर. पोर ते, मिरचीत हात घालणार आणि तोच हात डोळ्याला लावणार. ते रडणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एखाद्या पोराला विंचू चावला असं मला वाटलं होतं. शेजारची बाई काम न थांबवता म्हणाली की हे रोजचंच आहे.

पाळणाघर म्हणजे वाऱ्याच्या उलट्या बाजूला भाड्यानं घेतलेली एक खोली, पाच-सहा झोळ्या, दूध, पाणी आणि अक्का. अक्कानं स्वतः त्या पथारीवर उभी हयात घालवलेली, तिची दोन्ही पोरं तिथेच वाढलेली. नवरा गेल्यावर ती एकटीच राहत होती. पोरांना न्हाऊमाखू घालायची, झोळीत टाकायची, आणि त्यांच्या आयांना दारातच हात धुवायला लावायची. त्याशिवाय अंगावर पाजायलासुद्धा पोर हातात द्यायची नाही. त्यावरून भांडणं व्हायची. अक्काचं तोंड फटकळ होतं. तिच्याशी भांडून कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही, माझ्यासकट.

आता गंमत ऐका. बजेटमध्ये दूध बसत नव्हतं. ‘क्षमताबांधणी’ बसत होती. खोलीचं भाडं बसत नव्हतं, पण त्याच खोलीत आयांची कार्यशाळा घेतली तर तिचं भाडं बसत होतं. अक्काला पगार देता येत नव्हता, कारण दरमहा लागणारा खर्च लोकांना परावलंबी करतो असं दिल्लीचं म्हणणं. हे मला फोनवर समजावून सांगणाऱ्या कंपनीच्या मॅडम स्वतः दरमहा पगार घेत होत्या आणि त्यानं त्या परावलंबी झाल्याचं काही दिसत नव्हतं. शेवटी आम्ही अक्काला प्रशिक्षणार्थी दाखवलं. ती बिचारी कायम प्रशिक्षणच घेत राहिली.

तरीही पाळणाघर चाललं. पोरांचे डोळे निवळले. एक तरुण मजूरबाई होती, तिचं पहिलं पोर पथारीवरच्या धुरळ्यात सतत आजारी पडून गेलं होतं. दुसऱ्या खेपेला तिनं बाळंतपणाआधीच येऊन अक्काला झोळी राखून ठेवायला सांगितली. पोरगा झाला, तो अक्काच्या मांडीवर गुबगुबीत झाला, आणि ती त्याच्याकडे अशी बघायची की मला उगीच दुसरीकडे बघावं लागायचं. माझं सगळं काम मला त्या एका पोरात दिसत होतं.

मग मूल्यमापन आलं. निधीचे एक गोरे साहेब आणि दिल्लीच्या मॅडम स्वतः येणार होत्या. पाहणीनंतर पुढच्या वर्षांचं ठरायचं होतं. मी आधी जाऊन बायांना बसवून सांगितलं, अक्काला तर दोनदा सांगितलं, की जे कमी आहे ते बोला. खोली गळते, दूध पुरत नाही, आणखी एक बाई हवी, हे सगळं बोला. त्यांनी माना डोलावल्या. अक्का म्हणाली की एवढं कळतं आम्हाला.

पाहुणे आले त्या दिवशी मी गाडीतून उतरून बघते तर काय. दारात रांगोळी. पोरांच्या अंगावर लग्नकार्याचे कपडे. बायांनी कपाटातली ठेवणीतली लुगडी नेसलेली, काहींनी तर शेजारणीची मागून आणलेली. आणि मागच्या अंगणात चूल पेटवून, खापर उपडं घालून बाया मांडे करत होत्या. आमच्या खानदेशात पुरणाचे मांडे कुणी कुणासाठीही करत नाही. जावयाला करतात, व्याह्यांना करतात. मजुरी बुडवून, आपापसात वर्गणी काढून त्यांनी डाळ, गूळ, तूप आणलं होतं. स्टीलची ताटं मंडपवाल्याकडून आली होती. मी अक्काला बाजूला घेऊन म्हटलं, हे काय चालवलंय? ती माझ्यावरच डाफरली की पाहुणे घरी आले आहेत, त्यांना काय चटणी वाढू?

मुलाखतीच्या वेळी आम्हा संस्थेच्या लोकांना बाहेर काढलं. आमचा दबाव येऊ नये म्हणून. दुभाषी त्यांनीच आणली होती, पुण्याची एक मुलगी, तिला अहिराणीचा गंध नव्हता. माझं माहेर बोदवडकडचं, आमची बोली वेगळी पडते, तरी मी इतक्या वर्षांत शिकले होते. पण मी बाहेर लिंबाखाली उभी होते आणि आतून खिडकीवाटे अक्काचा आवाज येत होता. खोली कशी आहे? चांगली शे. दूध पुरतं का? पुरस, पुरस. काही अडचण? काही नही. प्रत्येक उत्तरानंतर आत सगळ्या बाया हसत होत्या. मी दारापर्यंत गेले. मॅडमच्या सहायकानं अदबीनं हात आडवा धरला.

शेवटचा प्रश्न साहेबांनी स्वतः विचारला. आम्ही उद्या थांबलो तर तुम्ही हे चालवाल का? मग अक्का म्हणाली, “हो भाऊ, चालाडसूत. बठ्ठं चांगलं शे, तुमी काळजी नका करा.”

सगळं चांगलं आहे! दुसरं काय म्हणणार होती ती? दारात आलेला माणूस निघताना विचारतो, मी गेल्यावर तुमचं कसं होईल. त्याला इकडे कुणी, आमचे हाल होतील, असं सांगतं का? पाहुण्याला निर्धास्त मनानं निरोप द्यायचा असतो. साहेब मात्र त्याला करार समजले.

त्यांनी मांडे पोटभर खाल्ले. हातावर तो मांडा कसा एवढा मोठा होतो, कसा फाटत नाही, याचा व्हिडिओ काढला. जाताना अक्कानं त्यांना टोपी-टॉवेल दिला आणि एका सवाष्णीकडून मॅडमची ओटी भरवली.

अहवाल आला तो वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाभार्थींनी स्वतःच्या साधनांतून भोजनाचं आयोजन केलं, यावरून समुदायाची आर्थिक क्षमता दिसून येते. स्त्रियांचा पोशाख व मुलांचं आरोग्य उत्तम. समुदायानं प्रकल्पाची जबाबदारी घेण्याची तयारी दाखवली. प्रकल्प अपेक्षेपेक्षा लवकर शाश्वत झाला असल्यानं निधीनं सन्मानपूर्वक बाहेर पडावं. खाली आमचं अभिनंदन. मांडे हा पुरावा होता. बायांनी मांडे केले नसते तर कदाचित पाळणाघर वाचलं असतं, हे मी कुणाला सांगू?

मी मॅडमना फोन केला. म्हटलं, ताटं भाड्याची होती, लुगडी उसनी होती, हा आमच्याकडचा रिवाज आहे. त्या शांतपणे म्हणाल्या की लोकांचा आवाज महत्त्वाचा, आपण त्यांच्या वतीनं बोलू नये. म्हटलं, मग त्यांच्या वतीनं तुम्ही बोलताय ते काय? त्यावर त्यांनी मीटिंगला उशीर होतोय असं सांगितलं. पुढे पत्रही पाठवलं. त्याला उत्तर आलं, त्यातही अभिनंदनच होतं. बरं, नापास झालो असतो तरी सुटका नव्हती. बोदवडकडचा आमचा पाण्याचा प्रकल्प परिणाम दिसत नाही म्हणून बंद केला होता. परिणाम दिसला नाही तर बंद, दिसला तर बंद. यांना फक्त बंद करता येतं.

सरांकडे गेले तर ते पुढच्या निविदेत बुडालेले. आता हवामानाची पाळी होती. ते मला म्हणाले, मिरची हवामानात कशी बसवता येईल ते बघा. मला त्या वेळी पाहुण्यांची ती फिरती खुर्ची गॅलरीतून खाली टाकावीशी वाटली. खरंच वाटली. टाकली नाही, कारण पंधरा दिवसांनी मुलीची फी भरायची होती.

अक्कावरही मी भडकले. बंद होणार हे सांगायला गेले आणि सांगण्याऐवजी ओरडलेच, की एवढं पढवलं होतं, तोंड कुठे गेलं होतं तेव्हा? माझ्याशी तर तलवारीसारखं चालतं. ती एका पोराला थोपटत होती.

“घर उना पाव्हना,” ती म्हणाली, “त्यानासमोर रडानं का ताई?”

तिचा राग आला आणि तो राग तिच्यावर ठरेना, हे त्याहून वाईट. खोलीचं भाडं महिनाभर बायांनी काढलं. मग दूध तुटलं, मग घरमालकानं खोली मिरचीच्या पोत्यांना दिली. अक्का पुन्हा पथारीवर देठ खुडायला बसली.

पुढच्या हंगामात मॅडम परत आल्या. निधी बाहेर पडल्यावर काम कसं टिकून राहतं याचा अभ्यास होता, आणि त्यासाठी वेगळं बजेट होतं. मी त्यांना फोनवरच सांगितलं होतं की तिथे बघायला काही नाही. त्या म्हणाल्या, तेही शिकण्यासारखं असतं. या वेळी दुभाषी नव्हती. दुभाष्याचं काम मला दिलं.

दुपारची वेळ, वारा सुटलेला. बाया मिरचीच्या ढिगापुढे ओळीनं बसल्या होत्या. अक्कानं आम्हाला येताना पाहिलं आणि मान खाली घातली. कुणी उठलं नाही, कुणी सतरंजी टाकली नाही. तिच्या शेजारी ती तरुण बाई होती, आणि गोणपाटावर तिचा पोरगा. आता तो पावलं टाकायला लागला होता. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळून सुतळीनं बांधलेले होते. मॅडमनी वाकून विचारलं की याच्या हाताला काय झालंय, भाजलंय का? मी त्या बाईजवळ खाली टेकले आणि विचारलं.

“काही नही व्हयनं,” ती बाई देठ खुडत म्हणाली. “हात सोडा ते डोया चोयस.”

हात मोकळे ठेवले तर डोळे चोळतो. मी मॅडमना एवढंच सांगितलं. त्यांना काही तरी विचारायचं होतं, पण तेवढ्यात झुळूक आली आणि त्यांना ठसका लागला. तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या डोळे पुसायला गेल्या तशी तो पोरगा टक लावून त्यांच्या हाताकडे बघत राहिला. त्यांनी कसंबसं, पाणी आहे का, असं मराठीत विचारलं. सगळ्यांना समजेल असं विचारलं. पाण्याचा माठ अक्काच्या पाठीमागेच होता, वर पेला उपडा घातलेला. बाया देठ खुडत होत्या. अक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

मीही उठले नाही.