डावा डोळा

“ही आमच्याकडं पॉलिशला असते.”

ताई एवढंच बोलल्या. भरल्या बैठकीत, माझ्याकडं न पाहता. पाहुण्यांनी माना हलवल्या आन् ताईंकडं वळले.

मधी टेबलावर सागवानी अर्धपुतळा. ज्यांच्या घरी बैठक होती त्या गुरुजींच्या बायकोचा. त्या वारल्यावर गुरुजींनी फोटो देऊन तो आमच्या परभणीच्या कारखान्यात करून घेतला होता. कारखाना ताईंचा. ताई म्हणजे जिंतूरकडच्या मोठ्या जमीनदाराची लेक, पुण्यात कलेचं शिकून आलेली. मी पेडगावच्या सुताराची पोरगी. पहिल्या घावापासून शेवटच्या घासकामापर्यंत तो चेहरा मी काढला. दोन महिने. ताईंनी लाकडाला हात लावला तो फक्त शेजारी उभं राहून फोटो काढून घेताना.

मी कोपऱ्यात फडकं घेऊन उभी. ताई खुर्चीवर. सांगायल्या होत्या, “फोटो पाहिल्याबरोबर मला हा चेहरा लाकडात दिसला.”

मी जळले. खोटं कशाला सांगू. त्यांच्या न अडखळणाऱ्या बोलण्यावर जळले. स्वच्छ नखांवर जळले. त्यांच्या बापानं त्यांना पुण्याला धाडलं. माझ्या बापानं माझ्या हातात पटाशी दिली, तीबी भाऊ न्हाई म्हणून. त्या दिवशी मी माझ्या बापावरबी चिडले.

सगळे जेवायला आत गेले. राहिलो मी आन् पुतळा. काही घासायचं राहिलं तर म्हणून पिशवीत पटाशी आणली होती. ती काढली. धार पुतळ्याच्या गालावर टेकवली. एक रेटा पुरे होता. मग ताई म्हणाल्या असत्या का, हेबी मीच केलं?

हात थांबला. दया आली म्हणून न्हाई. तो गाल माझा होता. त्यांच्यावरच्या रागापायी मी माझंच काम कशाला फोडू?

पटाशी पिशवीत टाकली, तेवढ्यात गुरुजी आले. पुतळ्याच्या डाव्या डोळ्यावरून त्यांनी बोट फिरवलं. म्हणाले, “ती हसली की हा डोळा असाच बारीक व्हायचा. फोटोत तर ती हसत नाही. ताईंना कसं कळलं?”

फोटोत त्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्या लय होत्या, दुसऱ्याला दोनच. मी ते दिवसदिवस पाहत बसले होते. ताईंनी बजावलं होतं, दोन्ही डोळे सारखे कर. मी केले न्हाईत.

“ताईंना न्हाई कळलं,” मी म्हणाले. “मला कळलं. हे मी कोरलंय, गुरुजी.”

ते माझ्या हातांकडं पाहत राहिले.

निघताना शाल-नारळ त्यांनी ताईंनाच दिला. माझ्याकडं एकदा पाहिलं आन् मान खाली घातली. त्यांना आता ठाऊक होतं. तरीबी.

परतताना गाडीत मी ताईंना विचारलं, पुढच्या गिऱ्हाईकाला माझं नाव सांगाल का. त्या हसल्या.

“तुमच्या लोकांच्या हाताला सवय असते गं. कला वेगळी गोष्ट आहे.”

मी गाडी थांबवायला लावली. उतरले. एसटीनं पेडगावला आले आन् पुन्हा कारखान्याची पायरी चढले न्हाई.

आता घरच्या ओसरीवर काम करते. काम कमी येतं. मागच्या महिन्यात ताईंनी माणूस पाठवला, एका डॉक्टरच्या आजोबांचा फोटो देऊन. म्हणे, मजुरी वाढवून देऊ. मी फोटो तसाच परत दिला. सांगितलं, “ज्यांचा आजा हाय त्यांना धाड. मी त्यांच्याशीच बोलणार.”

कुणी आलं न्हाई.

जळणं थांबलं न्हाई. परभणीत ताईंचा बोर्ड दिसला की अजून जिवाची आग होते. होऊ दे. ती विझवायला मी बसले न्हाई. दुसऱ्याच्या नावासाठी आता लाकडावर एक घाव घालणार न्हाई. एकबी.