मी न दिलेला अग्नी

त्या दिवशी आमच्या कंपनीने नदी ओलांडली. माझा भाऊ ओलांडून आला नाही.

लढाई ब्रह्मदेशातली. आमच्या मेडशी गावाहून आम्ही दोघे एकाच दिवशी भरती झालो होतो. मी सातवी पास, म्हणून मला कारकुनाचं टेबल मिळालं आणि दादाला मालमोटारीचं चाक. नदीवर पूल नव्हता, तराफे होते. त्याचा तराफा मधल्या धारेपर्यंत गेलेला लोकांनी पाहिला. मग गोळीबार सुरू झाला आणि कोणी काही पाहिलं नाही. संध्याकाळी हजेरी घेतली ती मीच. दादाच्या नावाला उत्तर आलं नाही. सुभेदार म्हणाले, "लापता लिखो, बाबू." मी लिहिलं. अक्षर रोजच्यासारखंच वळणदार आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे कूच केलं.

रजेवर घरी आलो तेव्हा सरकारी पत्र माझ्या आधी पोचलं होतं. ते इंग्रजीत होतं. मायने ते गावात कोणालाच दाखवलं नव्हतं, माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. वहिनी आतल्या दाराशी उभ्या होत्या. मी कागद उघडला, तोच मायने विचारलं, "आग्नी देल्ला ना रे त्याले? का तसाच पडला माहा लेक?"

"देल्ला," मी म्हणालो. "म्याच देल्ला."

कागद म्हणत होता, बेपत्ता. आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. तोवर बायकोच्या कपाळाचं कुंकू राहतं, हातातल्या बांगड्या राहतात. बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग सुतक धरतात. हे मला ठाऊक होतं. पण मायकडे पाहून मला एवढंच समजलं की तिला ती आग हवी आहे. माझ्या पाठीमागे वहिनींनी दाराच्या चौकटीवर हात आपटले. बांगड्यांच्या काचा माझ्या बुटापर्यंत आल्या.

पुढे मी गावच्या शाळेत मास्तर झालो. वहिनींनी विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, लावायला सुरुवात केली. माय त्या अग्नीच्या भरवशावर जगली आणि यंदा चैत्रात गेली. तिच्या तेरवीनंतरच्या रविवारी, जेवण झाल्यावर, मी ओसरीत आडवा झालो.

स्वप्नात ती नदी आमच्या शाळेच्या अंगणातून वाहत होती. वाळूत माझं टेबल. समोर जवानांची रांग, सगळ्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. मी नाव घेई, समोरून आवाज येई, "हाजर." शेवटी दादा उभा होता. नखांत मोटारीचं काळं तेल. त्याचं नाव घेण्याआधीच मी हजेरीपट मिटला.

"माहं नाव राह्यलं," तो म्हणाला.

"तुहं नाव कटलं, दादा. तुले जाळलं."

त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. रागावला नाही. नवीन माणसाला रस्ता विचारावा तसं त्याने विचारलं, "कोनं?"

उत्तरासाठी मी रांगेकडे पाहिलं. रांगेतले सगळे माझ्याकडेच पाहत होते. मी ओरडलो, "हाजर!" आणि उठून बसलो.

समोर वहिनी उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"काय भाऊजी, रविवारीबी हजेरी घेऊन राह्यले का पोट्टेहिची?" त्या हसल्या. मग माझ्याकडे नीट पाहून जुडी खाली ठेवली. "काय झालं?"

मी सांगितलं. आधी स्वप्न. मग, थांबता न आल्यामुळे, पत्रही.

त्यांनी मांडीवरची मेथी बाजूला सारली. मला माझे हात दिसत होते, पण ते कोणा दुसऱ्याचे वाटत होते.

"म्हंजे तुमी पाह्यलंच नाही त्याहिले?"

"नाही."

"मेलेलं नाही पाह्यलं?"

"नाही, वहिनी."

"अन् म्या बांगड्या फोडल्या." त्यांनी ते अगदी हळू म्हटलं. "यंदा भरली असती बारा वर्षं. ती माही होती, भाऊजी. रडून काढली असती, वाट पाहून काढली असती, पन माही होती. मायसाठी खोटं बोलले, मले समजते. मायची तेरवीबी झाली. मले कवा सांगनार होते?"

शाळेत मुलांना मी रोज म्हणतो, जे समोर आहे तेच वाचा.

"भटजीले विचारतो," मी कसंबसं म्हणालो. "पळसाचा पुतळा करू. रीतीनं..."

"कायले? पुन्हा तुमच्याच हातानं?" त्या उठल्या. "एकडाव जाळलं ना तुमी, बस झालं. ते गेले असतीन त मले सरकारचा कागद दाखवा. तुमच्या तोंडच्या गोष्टीवर म्या आता कुंकू लावत नाही अन् पुसतबी नाही."

मेथी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्या नाहीत. संध्याकाळी माझ्यासमोर दौत, टाक आणि कोरा कागद ठेवून म्हणाल्या, "लिवा. जसं झालं तसं लिवा. मी खोटं बोललो, हेबी लिवा."

मी पलटणीच्या साहेबांना अर्ज लिहिला. तराफा, मधली धार, मी घेतलेली हजेरी. तेवढं एक पान लिहायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात दुसरा लिहिला.

अजून उत्तर नाही. पुतळा केलेला नाही. दर महिन्याला मी एक अर्ज लिहितो. वहिनी तो शेजारच्या तलाठ्याकडून वाचून घेतात आणि मगच अंगठा लावतात.