काळ्या रानातलं घर

भादव्याच्या अखेरीला सकाळी सकाळी अक्काचा फोन आला. "तुझे दाजी गेले गं. झोपेतच. तू ये... आन् येताना एखादा सुतार भेटला तर आण, समोरचं दार उघडंना." नवरा गेल्याचं आणि दार अडल्याचं माझी बहीण एका दमात का सांगते, हे ते घर न पाहिलेल्याला कळायचं नाही. आमच्या सेनगावात सुतार मिळाला नाही. नरसीच्या रस्त्यावरच्या त्या बंगल्याचं सागवानी, पितळी कड्यांचं दार दर पावसाळ्यात अडायचं. यंदा ते पक्कं बसलं होतं. शेवटी दाजींना स्वयंपाकघरातून, मोरीशेजारच्या पत्र्याच्या दारानं बाहेर काढावं लागलं. लोकांनी समोरून पाहावं म्हणून ज्यानं आयुष्यभर सगळं केलं, तो माणूस मागच्या दारानं गेला.

दहाव्याला भाषणं झाली. एकानं त्यांना भूमिपुत्र केलं, दुसऱ्यानं मातीशी नाळ जुळलेला शिक्षक, तिसऱ्यानं काळ्या आईचं लेकरू. यातला एकही जण पावसाळ्यात त्या घरी मुक्कामाला राहिलेला नव्हता.

दाजी आधी माझे सर होते. सेनगावाकडच्या गोरेगावला आठवीच्या वर्गावर भूगोल शिकवायला आले, अक्काशी लग्न नंतर झालं. शिकवायचे उत्तम, ते मी नाकारत नाही. डोंगरावरचा काळा दगड, हातानं चुरा होणारा मुरुम आणि मातीचं ढेकूळ टेबलावर ओळीनं मांडायचे. "तिन्ही एकच आहेत," म्हणायचे. "दगड उन्हानं तापतो, पावसानं निवतो, तडकतो. फटीत पाणी शिरतं, मुळं शिरतात. दगडाचा मुरुम होतो, मुरुमाची माती. किती काळ लागतो? तुमच्या पणजोबाच्या पणजोबाला विचारा!" माळावर माती वीतभर आणि ओढ्याकाठी पुरुषभर का, तेही सांगायचे... बारीक माती पाण्याबरोबर उतारानं खाली येते, वर खडे उरतात. एकदा त्यांनी डब्यात ओली काळी माती दाबून भरली आणि खिडकीत ठेवून दिली. वाळल्यावर ती डब्याच्या कडा सोडून आत आकसली, मधोमध भेग पडली. पाणी ओतलं तशी फुगून पुन्हा कडांना भिडली. "हिच्यात कापूस घ्या, ज्वारी घ्या, हिच्यावर घर बांधू नका. आपली जुनी गावं उगाच पांढरीवर वसली नाहीत. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण... पांढरी ही माणसांनीच पिढ्यान्‌पिढ्या केलेली माती. ती अशी फुगत नाही."

आणि याच माणसानं निवृत्तीनंतर काळ्याभोर रानात बंगला बांधला. गावात पांढरीवर त्यांच्या वडिलांची जागा होती, पण आतल्या गल्लीत. तिथं कोण पाहणार? रस्त्याला लागून आपलं रान होतं. नरसीला देवदर्शनाला जाणारा प्रत्येक जण मान वळवून बघेल, एवढाच हिशेब. पाया मुरुमापर्यंत न्यायला हवा होता. पुरुषभर खोदूनही मुरुम लागेना, तेव्हा दाजींनी काम थांबवलं. "पाया कुणाला दिसतो?" मी म्हटलं, "दाजी, आठवीत तुम्हीच शिकवलं होतं." ते हसले. "मेव्हणीबाई, ते परीक्षेपुरतं होतं." मिस्त्रीही हसला. गॅलरीवर मात्र सिमेंटचे दोन मोर बसले.

दुसऱ्याच उन्हाळ्यात देवघरापासून जिन्यापर्यंत भेग गेली. दाजींनी तिच्यावर सत्काराची फ्रेम लावली. भेग वाढली, फ्रेम मोठी आली. दोष कधी सिमेंटचा, कधी मिस्त्रीचा, कधी रस्त्यावरच्या ट्रकांचा. स्वतःचा कधीच नाही. अक्का उन्हाळ्यात फटींत चिंध्या कोंबायची, नाहीतर विंचू आत येत. पाहुण्यांसमोर ती चिंधी दिसली की तिलाच बोलणी बसायची.

आता अक्काचं काय, हा खरा प्रश्न. दसऱ्यानंतर मी तिला कायमची सेनगावला न्यायला गेले. माझी यादी तयार होती: देव आधी, मग कागद, मग भांडी, रान बटईनं द्यायचं, घराला कुलूप घालायचं. गाडी ठरलेली. पोहोचले तेव्हा ऊन कलत होतं आणि अक्का पाइप घेऊन भिंतीच्या कडेनं पाणी घालत होती. तिथं झाड नाही, झुडूप नाही.

"अक्का, हे काहून करून राहिलीस?"

"तुझे दाजी घालायचे. पाऊस सरला की रोज. जमीन एकाएकी वाळली की भिंत बसती म्हणायचे. कुणी विचारलं की सांगायचे, जास्वंद लावायची हाय."

म्हणजे ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं! चारचौघांत ट्रकांना शिव्या घालायच्या आणि रोज संध्याकाळी जास्वंदीच्या नावाखाली आपलाच धडा गिरवायचा... बायकोपाशी एकदा "चुकलं" म्हणायची हिंमत नाही. याला भाषणांत मातीशी नाळ म्हणतात.

"बस कर," मी म्हटलं. "सामान बांधू. उद्या गाडी येती."

"मग हे कोण घालील?"

"पडू दे की घर!"

"व्हय, मी बी म्हणायचे पडू दे. तवा त्यांचं होतं. आता माझं हाय."

आवाज चढला नव्हता.  मी गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

अक्कानं पाइप माझ्या हातात दिला. "मागची बाजू तू घाल, मला आता उभं राहवंना. भिंतीला लागून न्हाई, हातभर सोडून. आन् समद्या बाजूनं सारखं."

मी मागच्या बाजूला गेले. पावसानं आवारभर गवत माजलं होतं, पण भिंतीपासून थोड्या अंतरावर जमिनीचा एक पट्टा उघडाच होता. इतकी वर्षं चालून चालून दगडासारखा घट्ट झालेला. दाजींची वाट. रस्त्यावरून ती दिसत नाही. एवढे कष्ट एकदाच, खोदताना घेतले असते तर... मी त्या वाटेवर पाय ठेवला आणि पाणी सोडलं.