चुकभुलीची आठ माणसं

आधी चहा संपवा. मी सांगत असताना ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही! तसा वेंधळेपणा मला नवीन नाही, पण माइकवरून, अख्ख्या कॉलनीसमोर फजिती करून घ्यायची ती माझी पहिलीच वेळ.

आम्ही बजाजनगरला राहतो. आमच्या कॉलनीच्या सभागृहाला लागून एक खोली आहे, तिथं वाचनालय. संध्याकाळी चार ते आठ. सुनंदा ते सांभाळते. पहिल्या पाळीहून सुटलेली माणसं पेपर वाचायला टेकतात, लेकरं चित्रांची पुस्तकं ओढतात, अन् कोपऱ्यातल्या टेबलावर शीतल. ही वैजापूरची पोर, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला मावशीकडं आलेली.

एक दिवस कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष बोडखेभाऊ आले. खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजली अन् म्हणाले, "इथं जिम करू. वाचायला येतंय कोण आजकाल?"

"लई लोक येतात भाऊ," सुनंदा म्हणाली.

"लई म्हंजे किती? आकडा सांगा."

आता आली का पंचाईत! घरी नेलेल्या पुस्तकांची नोंद होती, पण बसून वाचणाऱ्यांची? कुठंच नाही. शेवटी भाऊंनी महिन्याची मुदत दिली. "पंधराशे हजेरी दाखवा, वाचनालय ठेवतो. एक कमी भरली तर मंग मला बोलू नका."

ते गेले अन् शीतलचा चेहरा एवढासा झाला. "काकू, मावशीच्या घरी सहा माणसं अन् दिवसभर टीव्ही. अभ्यास होत नसंल तर माघारी ये, असं बाबा म्हणतेत. ही खोली गेली की मी वैजापूरला."

मी म्हटलं, "मोजायचं काम माझं!"

का नाही म्हणायचं, सांगा? लाख वाती वळल्यात या हातांनी. लक्ष बेल वाहिलेत. दर चातुर्मासात जपाचा संकल्प. मोजण्यात माझा हात कोण धरणार? लगे हात वेरूळच्या महादेवाला बोलूनही टाकलं, की वाचनालय राहिलं तर अभिषेक करीन.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला दारात खुर्ची टाकून बसले. हातात गोमुखी, आत तुळशीची माळ. एक माणूस आत जाऊन वाचायला बसलं की एक मणी सरकवायचा. माळ पूर्ण झाली की डबीत एक सुपारी टाकायची. आठ वाजता माळ जिथं अडकली असेल, त्या मण्याला लाल दोरा. काय बिनचूक पद्धत, नाही?

मोजणी चुकू नये म्हणून मी बोलत नव्हते. इथूनच घोळ सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं चपला काढून मला नमस्कार केला. पाचव्या दिवशी मांडीवर नारळ आला. आठवड्यात अर्ध्या बजाजनगरात बातमी, की वाचनालयाच्या दारात एक माताजी मौन धरून बसल्यात!

एक बाई तर पुढ्यातच बसली. "माताजी, पोराचं लग्न कव्हा जमंल?"

मी बोलू कशी? बोलले की मणी गेला! मी नुसता हात आत दाखवला. तिला वाटलं, कौल मिळाला! ती आत गेली, सुनंदानं तिच्या हातात दिवाळी अंक ठेवला. बाई तासभर वाचत बसली, अन् दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन हजर.

पण मी बेइमानी केली नाही हं. जो बसला, ज्यानं पान उलटलं, त्याच्याच नावाचा मणी. नुसत्या पाया पडून गेलेल्यांना धरलं नाही.

आमचे हे रोज रात्री नारळाची बर्फी खाऊन कंटाळले. म्हणाले, "अगं, तू तिथं आकडा काढायला बसलीस का मठ काढायला?"

महिना भरला. सभागृहात बैठक बसली. मी सुपाऱ्या मोजल्या, दोरा बांधलेला मणी पाहिला, वहीत आकडा लिहिला अन् माइकसमोर उभी राहून वाचला.

"एकूण हजेरी, चौदाशे अकरा."

सुनंदानं डोळे मिटले. शीतल खाली मान घालून वही पिशवीत भरायला लागली.

बोडखेभाऊ वाईट माणूस नाही, त्यांनाही बरं वाटलं नसावं. "एकोणनव्वद कमी पडले वहिनी. बरं, मोजलं कशानं?"

"माळेनं."

लोक हसले. "माळेनं? मंग चौदाशे कसे आले?"

"चौदा माळा झाल्या. एका माळेचे शंभर. वर अकरा मणी."

शीतलनं मान वर केली. "काकू, माळेत मणी एकशे आठ असतेत ना?"

"असतात की. पण वरचे आठ धरायचे नसतात. जप करताना मन भरकटतं, जीभ अडखळते, त्या चुकभुलीचे आठ. सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून शिकवलंय, माळ एकशे आठाची, हिशेबात शंभर."

शीतल उठून उभी राहिली. "अहो काकू, पण ती माणसं होती!"

अगं बाई! दर माळेला आठ जितीजागती माणसं मी चुकभूल म्हणून देवाला सोडून दिली होती!

शीतलनं तोंडी हिशेब केला. "चौदा गुणिले आठ, एकशे बारा. चौदाशे अकरात मिळवा. पंधराशे तेवीस, भाऊ!"

कोण टाळ्या! कोण शिट्ट्या! पण बोडखेभाऊ नियमाचे पक्के. "थांबा. मणी मोजल्याबिगर मी मानत नाय."

"मोजा की," मी म्हटलं, "पण हात धुवून. अन् चपला काढा."

अध्यक्ष हात धुवून, अनवाणी, माइकसमोर माळ घेऊन बसले. सत्तरपाशी कुणीतरी ओरडलं, "भाऊ, सून कव्हा आणता?" अन् भाऊ चुकले. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा नव्वदला शिंक आली. तिसऱ्यांदा सगळं सभागृह त्यांच्यासोबत मोठ्यानं मोजू लागलं. एकशे सहा... एकशे सात... एकशे आठ!

वाचनालय राहिलं. शीतलनं मला अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला. मी वेरूळला जाऊन अभिषेक केला, अन् गुरुजींनी अकरा आवर्तनं केली तीही बोटांवर मोजून घेतली.

गोष्ट इथंच संपली असती तर मी किती थोर ठरले असते! पण बोडखेभाऊंना आता आकड्यांची गोडी लागली. पुढच्या बैठकीत म्हणाले, "सुनंदाताई, पुस्तकांचाबी आकडा काढा. कोणतं पुस्तक वाचकाकडं सगळ्यात जास्त दिवस रमलं? त्याचं नाव अन् वाचकाचं नाव दारावरच्या फळ्यावर लिवायचं. लोकांना कळू द्या वाचनाची आवड काय असती!"

सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या.

सुनंदानं जुनं रजिस्टर उघडलं. पानं मागं, आणखी मागं. मग ती माझ्याकडं पाहून नुसतीच घुटमळली. "भाऊ... राहू द्या ना."

"राहू द्या कसं? आकडा म्हंजे आकडा. वाचा!"

"व्रतकथांचं पुस्तक. सहा वर्षं दोन महिने. वाचक... शेळकेकाकू."

शेळकेकाकू म्हणजे मीच! सोळा सोमवारांसाठी आणलं होतं. कथा वाचली, हळद-कुंकू वाहिलं, देवघरात ठेवलं. एकदा देवघरात बसलेल्या पुस्तकाला उठवायचं कसं, या विचारात सहा वर्षं गेली. रोज फूल मात्र न चुकता वाहिलं हो!

पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत दिलं. पण बोडखेभाऊ शब्दाला जागले. अजून दारावरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव आहे, खाली सहा वर्षं दोन महिने. नवीन आलेल्या बायका कौतुकानं विचारतात, "काकू, हा मान कशाबद्दल हो?"

मी पदर सावरते अन् शांतपणे सांगते, "निष्ठेबद्दल."