टॅबला माझं तोंड पटत नव्हतं

मॅडमनं माझ्या तोंडाला पावडर फासली. तिसऱ्या मजल्यावर, बायकांच्या बाथरूमबाहेर, लिफ्टसाठी थांबलेल्या आठ-दहा जणांच्या देखत.

पर्समधून स्वतःचा डबा काढला तिनं. आतला स्पंज माझ्या तोंडाला लावायचा नव्हता, म्हणून टिश्यू काढला आणि त्यावर पावडर घेतली. दुसऱ्या टिश्यूनं माझी हनुवटी धरली. हात लागू नये म्हणून. "चेहरा ऊपर. हिलना नहीं," म्हणाली. मी हलले नाही. कपाळ, नाक, दोन्ही गाल. मग भिंतीवरच्या टॅबसमोर उभी राहा म्हणाली. टॅब टिंग करून उघडला.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, आंटी हिरॉईन दिसताहेत. मॅडमनं दोन्ही टिश्यू माझ्याच हातात दिले, कचऱ्यात टाकायला. आणि मी काय म्हणाले? थँक्यू मॅडम म्हणाले. पावडरचं सोडा, त्या थँक्यूनं अजून अंगाची आग होते.

मॅडम म्हणजे आम्हा सफाईवाल्यांवरची सुपरवायझर. इथे मी तिला ती म्हणणार. दोन वर्षं तोंडावर अहो-जाहो केलं, ते पुष्कळ झालं.

बंगळूरच्या इंदिरानगरमधल्या या ऑफिसात मी अकरा वर्षं बाथरूम धुते. दुसरा आणि तिसरा मजला माझा आणि रत्नक्काचा. रत्नक्का कोलारकडची. माझ्याहून मोठी, विधवा, कमी बोलणारी. प्रत्येक बाथरूमबाहेर एक टॅब टांगलाय. दर तासाला धुऊन झालं की तो उघडायचा आणि हिरवं बटण दाबायचं. उघडला नाही तर मॅडमच्या स्क्रीनवर ते बाथरूम लाल होतं. तुम्ही आत गुडघ्यावर बसून घासलेलं असो नसो, लाल म्हणजे लाल. सकाळची हजेरी त्याच टॅबवर, संध्याकाळची सुट्टीही त्याच टॅबवर.

आधी टॅबला बोट लागायचं. माझ्या बोटावर रेघाच उरल्या नव्हत्या. फरशीचं अ‍ॅसिड आणि ब्लीच, दुसरं काय होणार? हातमोजे मिळायचे महिन्याला एक जोडी, ते आठवड्यात फाटायचे. अंगठा ठेवला की टॅब थरथरायचा आणि लाल व्हायचा. दहा बोटं आळीपाळीनं ठेवून बघायची. रत्नक्कानं एक युक्ती शिकवली. बोट केसांतून फिरवायचं. डोक्याचं तेल लागलं की एखाद वेळी टॅब घ्यायचा. वरच्या लोकांनी ते पाहिलं आणि तक्रार केली, की टॅब तेलकट होतो, किळस येते. ज्यांचे संडास आम्ही धुतो त्यांना आमच्या डोक्यावरच्या तेलाची किळस.

मॅडमच्या हातात स्वतःचा एक टॅब असायचा. तिनं बोट टेकवलं की उघडायचा. हातात चिप्स असले तर तोंडासमोर धरायची, तरी उघडायचा. तिचं बोटही चालायचं, तोंडही. आमच्या वाट्याला त्यांच्या सोयीनं एका वेळी एकच.

तर तक्रार आल्यावर बोट बंद झालं. आता चेहरा. मॅडमनं ते अशा आवाजात सांगितलं, की आमच्यावर उपकारच चाललेत. आम्हीही खूश झालो. निदान तोंड तरी अजून झिजलं नाही, असं मी रत्नक्काला म्हणाले आणि ती हसली. आगीतून फुफाट्यात चाललोय हे तेव्हा कुठे कळत होतं.

चेहरे टिपायला माणूस आला तो नेमका श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाला, शुक्रवारी. सुट्टी मागितली होती, मिळाली नव्हती. आमची माणसं इथली कित्येक पिढ्यांची. घरात मराठी, दारात कन्नड, आणि सण इथलेच. आमच्या गल्लीत त्या दिवशी हळद नुसती बोटानं टेकवत नाहीत, सवाष्णीच्या गालांना चोळतात. पहाटेपासून चार घरी जाऊन आले होते मी. प्रत्येक घरी एक थर. ती हळद त्या दिवशी धुवायची नसते. आपसूक जाईल तेव्हा जाईल. तशीच पिवळी होऊन मी खिडकीजवळच्या उजेडात त्या माणसासमोर उभी राहिले. त्यानं माझं पिवळं तोंड टिपलं आणि गेला.

त्याला काय माहीत. मॅडमलाही काय माहीत. पण मला तरी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. उलट, सणाच्या दिवशी फोटो निघाला, शुभ झालं, असं मनात म्हणाले मी. इतकी मी शहाणी.

दुसऱ्या दिवशी हळद उतरली आणि तेव्हापासून टॅब माझं सावळं तोंड ओळखेना, त्याला ते हळदीचं उजळ तोंड हवं होतं. रत्नक्काला मात्र झटकन ओळखायचा. विधवा म्हणून गल्लीत तिला कोणी हळद लावली नव्हती. नवरा गेल्यापासून जे तिला नाकारलं, त्यामुळे टॅबपुढे तिचं तोंड तिचंच राहिलं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि बादली उचलली.

मी मॅडमकडे गेले. हळदीचं सांगितलं, पुन्हा फोटो काढा म्हणाले. तिनं हळद म्हणजे काय ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं बघितलं. मग म्हणाली, कंपनीचा माणूस पुन्हा बोलवायला वरून मंजुरी लागते, बघू. चार दिवस माझी बाथरूमं लाल राहिली. पाचव्या दिवशी ती तो पावडरचा डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर आली. पुढचं सुरुवातीलाच सांगितलंय.

त्यानंतर रोज पावडर. बाथरूमच्या कट्ट्यावर एक स्वस्तातला डबा ठेवला गेला. सकाळी येऊन आरशात बघायचं, फासायची, टॅबसमोर उभं राहायचं. दुपारपर्यंत घामानं उतरायची. पुन्हा फासायची. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरी बघून हसायच्या, काही तर शेजारच्या आरशात आपली लिपस्टिक लावता लावता बघायच्या. मेकअप आंटी असं नाव पडलं. मी फासत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. काम टिकवायचं होतं मला. मुलगी मल्लेश्वरमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, घरात कमावणारी मी एकटी. म्हणून फासत राहिले.

मॅडम पुण्याची. मी मराठी बोलते हे तिला ठाऊक होतं. एकदा मी फोनवर मुलीला सांगत होते, स्वल्प थांब गं, आल्यावर सरी करते. थोडं थांब, नीट करते, एवढंच. तिनं ते ऐकलं आणि जेवणाच्या टेबलावर चारचौघांत माझी नक्कल केली. ही काय मराठी, वरणात सांबार ओतल्यासारखी, असं म्हणाली. त्यानंतर माझ्याशी बोलली ती हिंदीतच.

दोन महिन्यांनी तिनं मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाली. अकरा वर्षांत त्या केबिनमधली खुर्ची मी फक्त पुसली होती. समोर एक कागद ठेवला, इंग्रजी. आणि मराठीत बोलायला लागली.

"हे बघा मावशी, आपण मराठी माणसं. मी तुमचं वाईट होऊ देणार नाही."

तिच्याहून मी वर्षा-दोन वर्षांनी लहानच असेन. तरी मावशी.

कागदात काय होतं ते तिनंच सांगितलं. सिस्टिमनं यादी काढली होती. त्यात माझ्या नावावर दोन बायका दिसत होत्या. सकाळी एक, दुपारी दुसरी. म्हणजे सकाळी मी येऊन हजेरी लावते आणि दुपारी माझ्या जागी भलत्याच कोणा बाईला उभी करून निघून जाते, असा त्याचा अर्थ. मी चूक कबूल करायची, माफी मागायची, खाली सही करायची. मग समज देऊन सोडून देणार. सही नसेल तर काम बंद.

मी म्हणाले, ती दुसरी बाई मीच. पावडर उतरलेली.

ती म्हणाली, "मला माहीत आहे हो. पण ही नुसती फॉर्मॅलिटी आहे. सही करा, विषय संपला."

मला माहीत आहे, म्हणाली. तिथे माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. हिला माहीत आहे. हिनं स्वतःच्या हातानं माझं तोंड रंगवलंय. मी कोण, कधी येते, कधी जाते, सगळं हिला माहीत आहे. आणि तरी जे खोटं आहे त्याच्याखाली सही माझी हवी. यंत्राचं एक वेळ समजू शकते. त्याला डोळेच नाहीत. पण ही डोळे असून यंत्राच्या पाठीमागे लपलीय, आणि चोर ठरवायचं मला.

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे ना? मग तसं लिहून द्या. ही बाई रोज पूर्ण वेळ कामावर असते, मी तिला ओळखते. एवढंच."

तिनं लिहिलं नाही. तिचा सूर बदलला. म्हणाली, मी तुमच्या भल्यासाठी सांगतेय, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नका. मी विचारलं, मी कोण? तिनं पेन पुढे केलं. मी पुन्हा विचारलं. "माझं नाव घ्या आणि सांगा, मी कोण?" तिला माझं नाव कागदात बघावं लागलं.

मी कागद तिच्याकडे सरकवला आणि उठले. बेसिनपाशी गेले, तोंड साबणानं धुतलं, पदरानं कोरडं केलं. आरशात माझं काळंसावळं तोंड होतं. माझ्या आईचं होतं तसंच. मला त्याची लाज वाटली होती, दोन महिने वाटली होती, हे मी लपवत नाही. त्या दिवशी वाटली नाही.

हे झाल्याला आज नववा दिवस. रोज धुतलेल्या तोंडानं जाते. टॅब नाही म्हणतो. मग मी खाली गेटवरच्या वॉचमनला, नंजप्पा अण्णांना सांगते, वहीत लिहा. पहिल्या दिवशी ते घाबरले. म्हणाले, ती वही बाहेरच्या माणसांची, तुला कशी लिहू अक्का? मी म्हणाले, लिहा. नाव, काम, वेळ, आणि टॅबनं ओळखलं नाही हेही लिहा. त्यांनी लिहिलं. त्याच्याखाली मी सही करते, कन्नडमध्ये, पूर्ण नाव. मग दोन्ही मजल्यांवरची माझ्या वाट्याची बाथरूमं धुते. मॅडमच्या स्क्रीनवर ती लालच राहतात. एकदा वरून ओरडा झाला म्हणून तिला स्वतः खाली येऊन बघावं लागलं. नाकाला रुमाल लावून तिनं आत डोकावलं. फरशी चकचकीत होती.

काल रत्नक्कानं विचारलं, काढलं तर काय करशील? मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नाही. मुलीची फी भरायचीय, दुसरं काम लगेच मिळेल असं नाही. भीती वाटते.

पण तो कागद सहीविना पडून आहे आणि तसाच राहील. मी नव्हते, असं मी माझ्या हातानं लिहून देणार नाही. त्यांना काढायचं असेल तर काढतील. मात्र काढायच्या कागदावर माझं नाव घालावं लागेल, कोण, किती वर्षं, कुठल्या मजल्यावर, सगळं. जिला काढलं ती मीच, हे त्यांनी त्यांच्या सहीनं लिहून द्यायचं. तोवर मी उद्याही येणार.